दाढी विरळ नाही, चुकीच्या जागी कापली गेली आहे

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय 24. दोन महिन्यांपासून दाढी वाढवताय. हनुवटीवर आणि ओठावर दाट, गालांवर विरळ, डाव्या गालावर एक जागा जवळजवळ मोकळी. दर पंधरा दिवसांनी सलूनमध्ये जाऊन ‘आकार’ घेतला. गळ्यावर पुटकुळ्या आहेत, मिशीखाली कोंडा पडतो. हवी आहे महाराजांसारखी टोकदार दाढी, पण दिसतंय ते गालावर रुळलेलं गवत. शेवटी विचारलंय की गाल भरायला कुठलं तेल लावू?

तेलाचं उत्तर आधी देऊन टाकतो: कुठलंच नाही. तुमच्या प्रश्नातली कामाची माहिती वेगळ्याच वाक्यात आहे. दोन महिन्यांत चार वेळा आकार घेतला आणि गालावरचे केस ‘जेमतेम अर्धा सेंटिमीटर’ आहेत, असं तुम्हीच लिहिलंय. चेहऱ्यावरचा केस दिवसाला साधारण 0.3 ते 0.4 मिलिमीटर वाढतो, म्हणजे महिन्याला सेंटिमीटरभर. दोन महिने हात न लावलेली दाढी दोन सेंटिमीटरच्या आसपास असायला हवी. तुमची हनुवटीवर तेवढी आहे, गालावर पाव. वाढलेलं दर पंधरवड्याला मशीन घेऊन जातंय. खुर्चीत बसून ‘माझी दाढी येतच नाही’ म्हणणाऱ्या बहुतेकांचं दुखणं हेच असतं: वाढ ठीक असते, कापणं चुकलेलं असतं.

आता दाढीची दाटी कशावर अवलंबून असते ते मोकळेपणाने सांगतो. दाढी किती दाट येणार हे बरंचसं आनुवंशिक असतं, आणि त्यात आईकडचं घराणंही मोजायचं. हार्मोन ‘कमी’ असल्यामुळे दाढी विरळ राहते असं सरसकट नसतं. तेवढ्याच हार्मोनला एकाच्या गालावरची केसांची मुळं जोरात प्रतिसाद देतात, दुसऱ्याची आळशी असतात. गंमत म्हणजे जो हार्मोन दाढी जाड करतो, तोच ज्यांच्या नशिबात टक्कल आहे त्यांच्या डोक्यावरचे केस बारीक करतो. म्हणून डोकं चकचकीत आणि दाढी घनदाट अशी माणसं इतकी दिसतात. मिसरूड फुटताना पहिले केस ओठांच्या कोपऱ्यांवर येतात आणि गालाचा मधला भाग भरायला सगळ्यांत जास्त वेळ घेतो. तिशीपर्यंत तो भरत राहिलेला दिसतो. 24 व्या वर्षी ‘माझे गाल असेच’ असा निकाल लावू नका. आणि वस्तरा फिरवला की दाट येते, हेही डोक्यातून काढा. न कापलेल्या केसाचा शेंडा निमुळता असतो, कापलेल्याचा बोथट. खुंट बोटाला जाड लागतो तो त्यामुळे. पात्याचा मुळाशी संबंध येत नाही, मूळ कातडीच्या खाली असतं.

डावीकडची मोकळी जागा मात्र नीट बघावी लागेल. खिडकीशी बाजूचा उजेड घेऊन आरशात पाहा. तिथे बारीक, फिकट लव असेल तर ती जागा जिवंत आहे. वेळ लागेल, कदाचित कधीच पूर्ण दाट होणार नाही, पण काळजीचं कारण नाही. ती जागा नाण्यासारखी गोल, गुळगुळीत आणि अचानक पडलेली असेल, तर ती चाई असू शकते. त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. कडेला लालसर, खवले धरलेलं आणि खाजणारं कडं असेल तर बुरशीचा संसर्ग असू शकतो, तेव्हाही डॉक्टरच. मेडिकलमधून ‘खाजेची ट्यूब’ आणून लावू नका. त्या मिश्र मलमांत बरेचदा स्टेरॉइड असतं; चार दिवस बरं वाटतं आणि मग नायटा दुप्पट पसरतो. शिवाय अशी दाढी वस्तऱ्याने करू नका, संसर्ग गालभर फिरतो. जुनी जखम किंवा भाजल्याचा व्रण असेल तर तिथे केस येणार नाहीत, शेजारच्या केसांनी ती जागा झाकायची.

समजा लव आहे. मग करायचं काय? पुढचे चार आठवडे गालाला, जबड्याला, हनुवटीला मशीन लावायचंच नाही. फक्त दोन ठिकाणी कापायला परवानगी: गळ्याच्या रेषेखाली, आणि ओठावर येणारी मिशी.

गळ्याची रेषा हा सगळ्यांत जास्त बिघडवला जाणारा भाग, म्हणून इथे जरा थांबतो. सलूनमध्ये खुर्ची मागे झुकवतात. मान मागे गेली की हनुवटीखालचा सगळा भाग समोर येतो, तो ‘गळा’ वाटायला लागतो आणि कारागीर साफ करत करत थेट जबड्याच्या हाडापर्यंत चढतो. खुर्चीत ते झकास, रेखीव दिसतं. घरी येऊन सरळ उभे राहिलात की दाढी चेहऱ्याला चिकटवलेल्या पट्टीसारखी दिसते, आणि बोलताना, हसताना खालची उघडी कातडी वळून दुहेरी हनुवटीचा भास होतो. हनुवटीखालचे केस समोरून फारसे दिसत नाहीत, पण जबड्याखाली जी गडद सावली पडते ती त्यांची असते. जबडा उठून दिसतो तो त्या सावलीमुळे. ती काढलीत की बारीक माणूसही गुबगुबीत दिसतो.

रेषा अशी आखा. आरशासमोर सरळ उभे राहा, नजर समोर, मान वर करायची नाही. तर्जनी आणि मधलं बोट जुळवून कंठमण्याच्या वर आडवी ठेवा. वरच्या बोटाची वरची कड जिथे येते तो मधला बिंदू. मान आखूड असेल तर दीड बोट पुरे. बाकीचे दोन बिंदू दोन्ही कानांच्या पाळीमागे, जिथे जबड्याचं हाड वर वळतं तिथे. हे तीन बिंदू जोडणारी झोळीसारखी खोल कमान ही तुमची रेषा. आधी भुवईच्या पेन्सिलीने ठिपके काढून घेतलेत तर पहिल्या वेळी हात चुकत नाही. कापायला सुरुवात मधून करा आणि दोन्ही बाजूंना बाहेर जा. एका कानापासून सुरू करून दुसऱ्या कानाशी पोचणाऱ्यांची रेषा जवळजवळ नेहमीच तिरकी होते. रेषेखालचं सगळं साफ, आणि चार आठवड्यांनी आकार देताना रेषेच्या वरच्या बोटभर पट्ट्यात एक नंबर कमीचं गार्ड (मशीनवर बसवायचा कंगवा), म्हणजे कड चाकूने कापल्यासारखी दिसत नाही.

तुमची रेषा आत्ता बहुधा हाडावर गेलेली आहे. ती खाली यायला तीनेक आठवडे लागतील. या काळात खऱ्या रेषेखालचं मात्र दर तीन-चार दिवसांनी साफ ठेवा. मग मधला वाढणारा पट्टा ओंगळ न दिसता मुद्दाम ठेवलेला वाटतो. ऑफिसमधल्या टोमण्यांना एवढं पुरतं. श्रावण चालू असेल तर उत्तमच, त्या महिन्यात दाढी का वाढवलीस असं कोणी विचारत नाही.

गालाची रेषा याच्या बरोबर उलट चुकते, ती खाली आणली जाते. कल्ल्यापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत वस्तऱ्याने सरळ तिरकी ओढली की दाढी ‘कोरीव’ होते, पण ज्याचे गाल विरळ आहेत त्याच्यासाठी ही रेषा महागात पडते. गालावरचे केस खाली आणि पुढे वळतात. मोकळी जागा झाकण्याचं काम तिच्या वरच्या बोटभर केसांचं असतं आणि वस्तरा नेमके तेच घेऊन जातो. म्हणून गालाची रेषा निसर्गाने दिली तीच ठेवा. दाढीपासून सुटून वर डोळ्याकडे गेलेले एकटे-दुकटे केस तेवढे काढा. सध्या थ्रेडिंग नको. केस मुळापासून उपटला जातो आणि रेषा चुकली तर दुरुस्तीला जास्त दिवस लागतात.

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत खाज येईल. ताज्या कापलेल्या केसाच्या बोथट टोकाची कड धारदार असते, केस वळला की ती शेजारच्या कातडीला टोचते. त्यात कातडी कोरडी पडलेली असते. इथेच निम्मे लोक वैतागून सफाचट करतात आणि पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू करतात. आठ-दहा मिलिमीटरच्या पुढे केस गेले की टोचणं आपोआप थांबतं.

आता धुणं. अंगाचा साबण दाढीला लावू नका, तो अल्कधर्मी असतो आणि चेहरा कोरडा करतो. बोअरचं जड पाणी असेल तर साबणाचा चिकट कीट केसांत बसतो, धुऊनही दाढी राठ लागते. साधा सौम्य शाम्पू, शेंगदाण्याएवढा, आठवड्यातून दोन-तीनदा. बोटांची टोकं कातडीपर्यंत पोचली पाहिजेत, नुसता केसांवर फेस नको. बाकीच्या दिवशी नुसतं पाणी. टॉवेलने घासू नका, दाबून टिपा.

कोंड्यासाठी केटोकोनॅझोल (बुरशीवरचं औषध) 2 टक्के असलेला शाम्पू चालतो. फेस करून तीन ते पाच मिनिटं तसाच ठेवायचा, मग धुवायचा; आठवड्यातून दोनदा, दोन ते चार आठवडे. घाईने लगेच धुतला तर काही उपयोग नाही. आणि तेवढे दिवस तेल बंद. कोंडा वाढवणारी बुरशी तेलकट कातडीवर जगते. कोंडा ‘कोरडेपणामुळे’ समजून त्यावर तेल थापणं म्हणजे तिला जेवण वाढणं. चार आठवड्यांत फरक पडला नाही, किंवा नाकाच्या कडेला आणि भुवयांतही लाली-खवले असतील, तर डॉक्टरांकडे जा.

कोंडा गेल्यावर तेल लावा, पण ते कशासाठी हे माहीत असू द्या: केस मऊ राहतात, एका दिशेने बसतात, कमी तुटतात. महिन्याच्या दाढीला तीन-चार थेंब, दोन महिन्यांच्या दाढीला पाच-सहा. आंघोळीनंतर दाढी किंचित ओलसर असताना तळहातावर चोळून आधी कातडीला, मग केसांना. खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना केसाची होणारी झीज कमी करतं. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना झाली होती, त्यात हा गुण खोबरेलातच आढळला. पण चेहऱ्यावर मुरुमं येत असतील तर खोबरेल रात्रभर ठेवू नका, आंघोळीआधी अर्धा तास लावून धुऊन टाका. एरंडेल चिकट आणि जड असतं. त्याने केस दाट दिसतात, कारण ते एकमेकांना चिकटतात. कांद्याच्या रसाचं जे माहात्म्य ऐकता, त्याचं एक मूळ 2002 च्या एका छोट्या अभ्यासात आहे. तो चाईवर होता, विरळ दाढीवर नव्हे. मिनॉक्सिडिल या केस वाढवायच्या औषधाने काहींना फरक पडतो, पण दाढीसाठी ते डॉक्टरांना विचारूनच. महिनोन्महिने लावावं लागतं, सुरुवातीला केस गळू शकतात, आणि घरात मांजर असेल तर विशेष जपा, मांजरांना ते विषारी आहे. सुयांचा रोलर घरी फिरवू नका, पुटकुळ्या असलेल्या कातडीवर तर नाहीच.

गळ्यावरच्या पुटकुळ्या म्हणजे बहुधा केसतोड. गळ्यावरचे केस एका दिशेने उगवत नाहीत, बऱ्याच जणांना कंठमण्याच्या बाजूला भोवरा असतो. सलूनमध्ये ‘उलटी मारू का?’ विचारतात, आपण हो म्हणतो. कातडी ताणून उलटा हात मारला की केस कातडीच्या पातळीखाली कापला जातो, आणि वर येताना वळून आतच शिरतो. उपाय सोपा आहे. दोन-तीन दिवसांचे खुंट असताना बोट फिरवून पाहा: ज्या दिशेने गुळगुळीत लागतं ती सुलटी. त्या नकाशाप्रमाणे फक्त सुलटा हात, कातडी न ताणता. पुटकुळ्या जाईपर्यंत वस्तरा बंदच ठेवा आणि गार्ड न लावता ट्रिमर फिरवा. अर्धा मिलिमीटर खुंट राहतात, कोणाला दिसत नाहीत. आत वळलेला केस उपटायचा नाही. गरम पाण्यात भिजवलेलं फडकं पाच मिनिटं धरून त्याचं टोक तेवढं बाहेर काढायचं. सलूनमध्ये पातं डोळ्यांदेखत नवीन लावून घ्या आणि सगळ्यांना फिरवली जाणारी तुरटी तुमच्या गालावर नको. रक्तातून पसरणारी कावीळ अशाच वाटांनी जाऊ शकते. स्वतःची तुरटीची वडी स्वस्तात येते.

चार आठवड्यांनी पहिला खरा आकार. इथे नियम आहे तो बहुतेकांना उलटा वाटतो: विरळ जागी केस लांब ठेवायचे, दाट जागी कमी करायचे. सगळीकडे एकच नंबर फिरवला की दाट भाग काळाकुट्ट आणि विरळ भाग उघडा, असा फरक आणखी भडक होतो. तुमचं हेच झालंय.

दाढी कोरडी असताना कापा. ओला केस ताणून लांब दिसतो आणि वाळल्यावर वर जातो. आधी खालपर्यंत विंचरून घ्या. कल्ल्यांना कानाच्या वरच्या टोकाशी 3 मिलिमीटर, कानाच्या मध्यावर 6, पाळीशी 9. गालावर काहीच नाही, फक्त बाहेर आलेले चुकार केस कात्रीने. हनुवटीला खालून आखूड करू नका, टोक तिथेच तयार व्हायचंय. बाजूने हलकी करा. ओठांच्या कोपऱ्यांखाली हनुवटीच्या दोन्ही बाजूंना सगळ्यांत दाट पुंजके असतात. तिथे 12 मिलिमीटरचं गार्ड वरून खाली फिरवा. एकाच कामात दोन गोष्टी होतात: हनुवटी निमुळती होते आणि गालाशी असलेला फरक कमी होतो. मशीन आधी सुलटंच फिरवा. तेच गार्ड उलटं फिरवलं की मिलिमीटर-दोन मिलिमीटर जास्त जातं. सुरुवात मोठ्या गार्डने, मग एकेक खाली. गार्ड ‘टक्’ आवाज करून बसलंय ना, हे प्रत्येक वेळी बोटाने ओढून बघा. ते निसटलं की गालावर पांढरी वाट पडते. पडलीच, तर दुसऱ्या गालावर तशीच पाडून ‘सारखं’ करायला जाऊ नका. मशीन खाली ठेवा.

मिशी सरळ खाली विंचरा, तोंड मिटलेलं, चेहरा सैल. हसत कापलीत तर ओठ खाली आल्यावर मिशी वर चढलेली दिसते. लहान टोकाच्या कात्रीने मधून सुरू करून बाहेर. कोपऱ्यांचे केस तसेच राहू द्या, पुढे ते हनुवटीला जाऊन मिळतात. केस ओढले जात असतील तर पात्यांतला केर ब्रशने काढून तेलाचे एक-दोन थेंब द्या. चार्जिंग उतरलं असलं तरीही मशीन केस ओढतं.

टोकदार दाढीबद्दल थोडं. ब्रिटिश म्युझियममधलं सतराव्या शतकातलं महाराजांचं चित्र पाहा, दाढी हनुवटीकडे निमुळती होत गेलेली आहे. तो निमुळतेपणा साधायला हनुवटीवर तीन-चार सेंटिमीटर लांबी लागते, म्हणजे तुमच्या हिशोबाने आणखी दोन महिने. चेहरा गोल किंवा चौकोनी असेल तर हा आकार शोभतो. आधीच लांबट असेल तर टोक दोन-अडीच सेंटिमीटरवर थांबवा, नाहीतर चेहरा आणखी ओढलेला दिसेल.

सलूनमध्ये जायचं असेल तर नुसतं ‘सेट करा’ म्हणू नका. त्या शब्दाचा अर्थ प्रत्येक कारागिराच्या हातात वेगळा. बसल्या बसल्या असं सांगा: ‘गालाची रेषा खाली घ्यायची नाही. गळा इथपर्यंतच, बोटाने दाखवतो. वस्तरा फक्त या रेषेखाली, सुलटा. गालाला मशीन नको. हनुवटी बाजूने कमी करा, खालून नाही.’ चांगला कारागीर याने दुखावत नाही, उलट त्याचं काम सोपं होतं. गळ्याची रेषा मारताना खुर्ची सरळ करायला सांगा.

टू-व्हीलरवर रोज जात असाल तर हेल्मेटची गादी गालावरचे केस वर ढकलते आणि पट्टा हनुवटीखाली घासतो. आत पातळ सुती टोपडं घाला, ते दोन दिवसांनी धुवा, आणि उतरल्यावर दाढी खाली विंचरा. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात तेल रोज चालेल. मुंबईत, कोकणात पावसाळ्यात एक दिवसाआड, तेही निम्मं.

आणि एवढं करूनही तीन महिन्यांनी डावा गाल उघडाच राहिला तर? दोन वाटा आहेत. एक, सगळी दाढी 3 ते 4 मिलिमीटरवर ठेवायची. खुंटांच्या लांबीला दाट-विरळ फरक सगळ्यांत कमी दिसतो, आठवड्यातून दोनदा मशीन फिरवलं की झालं. दुसरी, गाल स्वच्छ करून मिशी आणि हनुवटी जोडून ठेवायची. तुमची वाढ तिथेच दाट आहे, आणि तुम्हाला हवं असलेलं टोक याही दाढीत येतं.